उन्हाळ्यातली पहिली एलायझा प्लेट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी, ऐन मे महिन्यात, माझ्या हाती पहिलं एलायझा किट आलं. एलायझा म्हणजे अँटिबॉडी आणि रंगाच्या मदतीनं एखादं प्रोटीन मोजायची चाचणी. उंदराच्या सिरममधला, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवातला, टीएनएफ रिसेप्टर-१ (दाहाशी संबंधित टीएनएफ या प्रोटीनला पकडणारं प्रोटीन) मोजायचा होता. छत्रपती संभाजीनगरात ऊन मी म्हणत होतं, लॅबचा एसी बंद पडलेला, भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३५ अंश. माहितीपत्रकात लिहिलेलं, 'रूम टेम्परेचरला दोन तास ठेवा.' मी प्लेट तशीच टेबलावर ठेवली. शेवटी ब्लँकलाही (ज्यात मोजायचं प्रोटीनच नसतं) रंग चढला आणि वरचे तीन स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने) एकसारखेच गडद आले. त्या दोन शब्दांचा अर्थ साधारण २० ते २५ अंश असतो, हे प्लेट वाया गेल्यावर कळलं. मराठवाड्यातल्या लॅबमध्ये नव्यानं येणाऱ्या कुणाचं किट असं जाऊ नये, म्हणून लिहितेय.

तापमानानं एवढा फरक का पडतो, ते आधी नीट समजून घ्या. प्लेटच्या तळाशी चिकटवलेली अँटिबॉडी सॅम्पलमधला रिसेप्टर पकडते, वरून दुसरी अँटिबॉडी बसते, तिला एचआरपी हे एन्झाइम जोडलं जातं, आणि ते टीएमबी या रंगहीन रसायनाला निळं करतं. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पेटर पेर्लमान यांनी किरणोत्सारी खुणेच्या जागी एन्झाइम वापरून ही पद्धत मांडली. म्हणजे आपण वाचतो तो एन्झाइमनं केलेला रंग, आणि एन्झाइम उष्णतेत जोरात पळतं. आता मी प्लेट बीओडी इन्क्युबेटरमध्ये २५ अंशांवर ठेवते. तो थंडही करतो आणि आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत असतो. किट मागवताना विक्रेत्याला सोमवारी पाठवायला सांगा. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहतं आणि बर्फाचं पाणी होतं.

रिसेप्टर तर पेशीच्या पडद्यावर असतो, मग सिरममध्ये कसा सापडतो, हा प्रश्न मलाही पडला होता. एडॅम-१७ नावाचं एन्झाइम त्याचा बाहेरचा भाग कापतं आणि तो तुकडा रक्तात फिरतो. सिरममध्ये मोजतो तो हा सुटा भाग. यकृताचा तुकडा वाटून मोजलात तर पडद्यावरचाही त्यात येतो, आणि मग आकडा एकूण प्रोटीनच्या प्रमाणात मांडावा लागतो. गाइडना पहिल्याच दिवशी विचारा, यातलं आपल्याला नेमकं काय हवंय. त्यावर सॅम्पल कसं घ्यायचं, हे ठरतं. किट उंदराचंच आहे ना, तेही बघा. माणसाच्या किटमधल्या अँटिबॉडी उंदराचं प्रोटीन ओळखतीलच असं नाही.

किटमध्ये ९६ वेल (प्लेटवरचे छोटे खळगे), आठ-आठच्या १२ पट्ट्या. सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक, प्रत्येकी दोनदा, म्हणजे १६ वेल गेल्या. उरलेल्या ८० मध्ये ४० सॅम्पल बसतात, आणि सगळ्यांना तो मोह होतो. तसं करू नका. पट्ट्या सुट्या होत असतील तर आधी तीनच काढा: दोन स्टँडर्डला, तिसरीत एकच सॅम्पल चार वेगवेगळ्या डायल्युशनला (कमी-जास्त पातळ करून), प्रत्येकी दोनदा. कोणतं डायल्युशन स्टँडर्डवरून काढलेल्या कर्व्हच्या मधोमध पडतं ते कळतं. मग ७२ वेल उरतात, पुन्हा स्टँडर्डचे १६ वजा केले की २८ सॅम्पल. सहा-सहा उंदरांचे चार गट त्यात आरामात मावतात. प्राण्यांच्या नैतिकता समितीकडं अर्ज करतानाच हा हिशोब मांडला असता, तर माझी बरीच धावपळ वाचली असती.

रक्त काढल्यावर सुईतून जोरानं ढकलू नका. पेशी फुटतात, सिरम लालसर होतं आणि असं सॅम्पल आकड्यात गोंधळ घालतं. वॉश बफर घरी बनवलात तर त्यात सोडियम ॲझाइड अजिबात नको, ते एचआरपीला मारतं.

टीएमबी घालताना लॅबमधल्या ताई शेजारी उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "घाई करू नको. पहिल्या वेलला जेवढी मिनिटं मिळाली, तेवढीच शेवटच्या वेललाही मिळू दे." मल्टिचॅनल पिपेटनं एकेक पट्टी, मनात दहा मोजून पुढची. सर्वांत तीव्र स्टँडर्डच्या वेलमध्ये आधी फिकट आकाशी झाक येते, मग खालच्या वेलमध्ये एकापाठोपाठ एक निळा उतरत जातो. ॲसिड घालतानाही तोच क्रम, तोच वेग. निळ्याचा लख्ख पिवळा होतो.

ॲसिडनंतर ४५० नॅनोमीटरला लगेच वाचायचं असतं, बहुतेक किटमध्ये १५ ते ३० मिनिटांच्या आत. माझ्या दुसऱ्या प्लेटच्या वेळी नेमकी तेव्हाच लाइट गेली आणि तासाभरानं आली. तेव्हापासून मी सकाळी सहाला प्लेट लावते, आणि ॲसिडची बाटली उघडण्याआधी रीडर चालू करून यूपीएसची बॅटरी पाहते.