घरात कुणाला क्रोन्स असेल तर काय तपासायचं, काय टाळायचं

सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांना क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) असला, तर तुमचा धोका इतरांपेक्षा वाढतो. पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला क्रोन्स झाला तर बहुतेक वेळा दुसऱ्याला होत नाही. जनुकं तीच, तरी आजार नाही. आयएल-10 हे सूज आवरणारं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचं आतडं सुजतं. तेच उंदीर जन्मापासून जंतुविरहित ठेवले तर सुजत नाही. सूज यायला आतड्यातले जीवाणूही लागतात.

म्हणून घरबसल्या होणाऱ्या जनुक-चाचणीवर पैसे घालू नका. 2001 साली क्रोन्सशी जोडलं गेलेलं नॉड2 हे जनुक जीवाणूंच्या भिंतीचा तुकडा ओळखतं. युरोपात सापडलेले त्यातले बदल भारतीयांत क्वचितच दिसतात, त्यामुळे रिपोर्ट 'स्वच्छ' आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

चार आठवड्यांहून जास्त जुलाब, मध्यरात्री झोपेतून उठवणारी कळ, घटणारं वजन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन) चाचणी विचारा. संडासात रक्त पडत असेल तर चाचणीसाठी थांबू नका, थेट पोटविकारतज्ज्ञ गाठा.

नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्या. आधी लघवी करून घ्या, मग कमोडवर कागद किंवा स्वच्छ प्लास्टिक पसरा. पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नका. डबीच्या झाकणाला असलेल्या चमच्याने दोन-तीन ठिकाणचा मिळून सुपारीएवढा नमुना भरा. लगेच लॅबमध्ये द्या. उशीर होणार असेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या नमुन्यात आकडा खोटा कमी येऊ शकतो.

मोठ्या माणसात कॅलप्रोटेक्टिन 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असलं की सूज असण्याची शक्यता कमी. 250 च्या वर गेलं तर कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याचा) विषय निघतो. मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि साधा पोटाचा संसर्गही आकडा चढवतात, म्हणून घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. चार वर्षांखालच्या मुलांत तो मुळातच जास्त असतो. सूज सापडली तरी आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. तो वगळल्याशिवाय स्टेरॉइड सुरू होऊ देऊ नका.

सिगरेट, विडी पूर्ण बंद करा. सर्दी झाली म्हणून घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी स्वतःहून घेऊ नका. त्यातून आतड्यातले उपयोगी जीवाणूही मरतात.

एक जनुक-चाचणी मात्र आग्रहाने मागा. आजार ठरला आणि ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबून सूज आवरणारं औषध) सुरू करायचं असेल, तर आधी नुड्ट15 (NUDT15) हे जनुक तपासा. त्यातला बदल भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो आणि नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक कोसळू शकतात. चाचणी झाली तरी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा. पहिल्या काही आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसले किंवा ताप आला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.