गिअरच्या दातांचा रफनेस मोजताना या चुका टाळा

जून-जुलैत मासेमारी बंद असते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, त्यांचे गिअरबॉक्स उघडतात आणि झिजलेल्या गिअरच्या जागी नवे बनवायचं काम आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपकडे येतं. म्हणजे दात ग्राइंड करायचे ते ऐन पावसात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. रफनेस टेस्टर, म्हणजे दातावरून बारीक सुई फिरवून खडबडीतपणा मोजणारं यंत्र, अशा वेळीही न कुरकुरता आकडा देतो. तो आकडा खरंच दाताचा आहे का, हे मात्र आपणच बघायचं असतं.

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. एका संध्याकाळी ग्राइंडिंग झालं, रीडिंग आलं आरए (सरासरी खडबडीतपणा) 0.4 मायक्रॉन, आरझेड (उंच टोक ते खोल खड्डा हे अंतर) तीनच्या आत. मनासारखं काम. गिअर रात्रभर एसी असलेल्या तपासणीच्या खोलीत ठेवले, सकाळी पॅकिंगसाठी बाहेर रॅकवर काढले आणि जेवणानंतर पुन्हा तपासले. आरए जेमतेम 0.45, पण आरझेड सहाच्या वर. आम्ही ग्राइंडिंगच्या चाकावर, म्हणजे व्हीलवर संशय घेतला, दोनदा ड्रेसिंग करून त्याला पुन्हा धार दिली, अर्धा दिवस घालवला. शेवटी ग्राइंडिंगवाले काका म्हणाले, "अरे, भिंग घेऊन बघ तरी." दातावर हळदीच्या कणाएवढे तांबूस ठिपके होते.

झालं होतं असं: खोली 20 अंशांवर, बाहेरची पावसाळी हवा त्याहून कितीतरी गरम आणि ओलीगच्च. थंड लोखंड बाहेर आणलं की त्यावर दव धरतं, फ्रिजमधल्या बाटलीवर धरतं तसं. ताज्या ग्राइंड केलेल्या पृष्ठभागाला त्या पाण्यातला आणि बोटांच्या घामातला खारेपणा पुरेसा असतो. गंजाचा खड्डा अरुंद, म्हणून सरासरी काढणाऱ्या आरएला तो फारसा दिसत नाही. आरझेड उंच-सखल टोकं मोजतो, तो लगेच उडी मारतो. आरए जागच्या जागी आणि आरझेड दुप्पट, असं दिसलं की व्हीलला हात लावण्याआधी भिंग घ्या.

तेव्हापासून आमच्याकडे गिअर पुसून, गंजरोधक तेल लावून, पिशवीत बंद करूनच थंड खोलीबाहेर जातो आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडतो. हातमोज्यांवर तडजोड नाही. मोजायच्या आधी मात्र ते तेल नीट पुसायचं, नाहीतर सुई खड्ड्यांतल्या तेल-मळावरूनच चालते.

दुसरी चूक दिशेची. ग्राइंडिंगच्या रेघा साधारणपणे दाताच्या लांबीला समांतर असतात. रेघेच्या बाजूने सुई चालवली तर ती एकाच चरात घसरत जाते आणि रफनेस खोटा कमी दिसतो. रेघा ओलांडायच्या, म्हणजे बुडाकडून शेंड्याकडे जायचं. हॉबिंग केलेल्या (हॉब नावाच्या फिरत्या कटरने कापलेल्या) दातावर कटर पुढे सरकल्याच्या, म्हणजे फीडच्या खुणा लांबीच्या दिशेने एकामागून एक येतात; तिथे लांबीच्या दिशेनेही एक रीडिंग घ्या.

इथेच कट-ऑफ, म्हणजे ज्याहून लांब लाटा यंत्र गाळून टाकतं ती लांबी, आडवा येतो. आरए 0.1 ते 2 मायक्रॉनच्या पृष्ठभागाला नेहमीचा कट-ऑफ 0.8 मिलिमीटर, असे पाच टप्पे म्हणजे 4 मिलिमीटर, वर सुरुवातीची आणि शेवटची धाव वेगळी. 2 मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) दाताची पूर्ण खोलीच साधारण 4.5 मिलिमीटर, त्यातली बुडाची गोलाई मोजायची नाही. मग सुई शेंड्यावरून खाली पडते किंवा बुडात आपटते आणि स्क्रीनवर भलताच आकडा येतो. अशा वेळी 0.8 ठेवून टप्पे कमी करा आणि रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहा. गपचूप 0.25 निवडू नका: लहान कट-ऑफ लांब लाटा गाळून टाकतो, रीडिंग खाली येतं आणि तो गिअर पास झाल्यासारखा वाटतो. दाताची बाजू वक्र असते, त्यामुळे तो वक्र वजा करण्याची सोय असलेलं, स्किड नसलेलं यंत्र असेल तर तेच वापरा. स्किड म्हणजे सुईजवळचा टेकू; तो पृष्ठभागावर टेकून चालतो, लाटेबरोबर स्वतःही वर-खाली होतो, म्हणून लाट लपते.

सुईचं टोक 2 किंवा 5 मायक्रॉन त्रिज्येचं असतं. ते झिजलं की चरांच्या तळाशी पोहोचत नाही आणि सगळेच गिअर "सुधारलेले" दिसू लागतात. सकाळी पहिल्या जॉबआधी मास्टर तुकड्यावर (ज्याचा रफनेस आधीच माहीत असतो अशा नमुन्यावर) रीडिंग घ्या, पण रोज त्याच रेघेवर नको. तिथे चर पडतो.

चकचकीत दात पाहून खूश होऊ नका. व्हील बोथट झालं की ते कापण्याऐवजी घासतं. आरए छान येतो, पण दात जळालेला असतो. हे रफनेस टेस्टर कधीच सांगणार नाही. त्यासाठी नायटल एचिंग, म्हणजे सौम्य आम्लात दात बुडवून डाग बघणं, करावं लागतं. त्यात काळपट डाग दिसले तर पोलाद तापून मऊ पडलंय, पांढरे दिसले तर पुन्हा कडक होऊन ठिसूळ झालंय. दोन्ही प्रकारचे गिअर बाजूला काढायचे. आणि एचिंगनंतर आम्लाचा अंश धुऊन लगेच तेल लावायचं, नाहीतर आपल्या हवेत तासाभरात पुन्हा तेच तांबूस ठिपके.