मिनीडीव्ही टेपचे तुकडे करा, पण शूटिंगची तारीख-वेळ हरवू देऊ नका

मिनीडीव्ही टेप, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतली छोटी डिजिटल कॅसेट, संगणकावर उतरवली की तासाभराची एकच अवाढव्य फाइल हाती येते. त्यातून हळद वेगळी, सीमांतपूजन वेगळं, वरात वेगळी करायची असते. बहुतेक जण ती फाइल मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, कापतात आणि एमपी४ करून ठेवतात. चित्र दिसतं, आवाज येतो, म्हणून काम झालं असं वाटतं. पण त्या एका एक्स्पोर्टमध्ये दोन गोष्टी कायमच्या जातात: चित्राचा मूळ दर्जा, आणि ते दृश्य नेमकं कोणत्या दिवशी, किती वाजता घेतलं याची नोंद.

मी सांगलीत लग्नाच्या शूटिंगची कामं करायचो, आता लोकांच्या जुन्या कॅसेट उतरवून देतो. गिऱ्हाईक पहिल्यांदा दर्ज्याबद्दल विचारतं, तारखेबद्दल क्वचितच. मला मात्र तारीखच जास्त मोलाची वाटते. चित्र थोडं खराब झालं तरी माणसं ओळखू येतात. वेळ गेली की मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत बसावं लागतं, आणि ती माणसं आता एकेक करून कमी होत चालली आहेत.

ही वेळ चित्रावर छापलेली नसते. मिनीडीव्ही कॅमेरा दर सेकंदाला २५ फ्रेम नोंदवतो आणि प्रत्येक फ्रेमच्या डेटामध्ये, चित्र आणि आवाज यांच्या शेजारी, तारीख, वेळ आणि टाइमकोड (ती फ्रेम टेपवर कुठे आहे तो आकडा) लिहून ठेवतो. सोनीच्या कॅमेऱ्यात टेप चालू असताना ‘डेटा कोड’चं बटण दाबा, तीच नोंद पडद्यावर दिसू लागते. एकेका फ्रेमला स्वतःची वेळ आहे, म्हणून तुकडे कितीही लहान केले तरी वेळ सोबत राहते. अट एकच, फ्रेम उघडून पुन्हा नव्याने बनवायची नाही. आहे तशी उचलायची.

आधी टेप नीट उतरवायला हवी. कॅसेटच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली टेप एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून पुन्हा मागे घ्या. कॅमेरा शक्यतो ज्यावर शूटिंग झालं तोच वापरा, विशेषतः टेप एलपी मोडमध्ये, म्हणजे जास्त वेळ मावावा म्हणून हळू चालवून, भरली असेल तर. दुसऱ्या कॅमेऱ्यात एलपीच्या टेपवर चौकोनी ठिपके पडण्याची शक्यता जास्त असते.

केबल फायरवायरचीच हवी. सोनीच्या कॅमेऱ्यावर तिलाच आय-लिंक म्हणतात. पिवळी-पांढरी-लाल केबल लावलीत तर चित्र आधी अॅनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल, आणि तारखेची नोंद त्या तारेतून येतच नाही. यूएसबीचं छिद्र दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, पुष्कळ मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ते फक्त फोटोंसाठी किंवा हलक्या दर्ज्याच्या चित्रासाठी दिलेलं असतं. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं. एखादा जुना डेस्कटॉप आणि त्यात फायरवायरचं कार्ड, हा माझ्या मते सगळ्यात कमी कटकटीचा रस्ता.

एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. डिस्कचं फॉरमॅट (फाइली साठवायची रीत) एफएटी३२ असेल तर फाइल ४ जीबीला, म्हणजे विसाव्या मिनिटाच्या आतच अडते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. माझा आग्रह असा की, आधी अख्खी टेप एकाच कच्च्या डीव्ही फाइलमध्ये (टेपवरच्या फ्रेम जशाच्या तशा, एकामागे एक) उतरवा आणि ती फाइल कधीही कापू नका. तुकडे नेहमी तिच्यावरून काढायचे.

आता तुकडे. कॅमेऱ्याचं बटण दाबून शूटिंग थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं की नोंदलेल्या वेळेत उडी पडते. ११ वाजून ४ मिनिटांची फ्रेम, आणि तिला लागून पुढचीच ११ वाजून १९ मिनिटांची. प्रोग्रामने ही उडी शोधायची आणि तिथे नवी फाइल सुरू करायची, बस एवढंच. चित्र बघून सीन ओळखणाऱ्या प्रोग्रामपेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे, कारण फ्लॅश उडाला किंवा कोणी कॅमेऱ्यासमोरून गेलं तरी ते फसत नाही.

विंडोजवर विनडीव्ही नावाचा छोटा, मोफत प्रोग्राम आहे. तो टेप उतरवतानाच तुकडे करतो आणि फाइलच्या नावात शूटिंगची तारीख-वेळ घालतो. त्याच्या सेटिंगमध्ये किती सेकंदांची उडी पडली की नवी फाइल करायची तो आकडा असतो. लिनक्सवर डीव्हीग्रॅब आहे, आणि मी तोच वापरतो, कारण तो आधी उतरवलेली कच्ची फाइलही घेतो. ‘एसटीडीइन’ हा पर्याय देऊन फाइल पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या कमांडच्या आउटपुटमधून, आत सोडायची. सोबत ‘ऑटोस्प्लिट’, ‘टाइमस्टॅम्प’, फॉरमॅट ‘रॉ’ आणि साइझ ० एवढे पर्याय द्यायचे. साइझ शून्य देणं महत्त्वाचं आहे, नाहीतर तो आपल्या मनाने दर १०२४ एमबीला फाइल तोडतो.

ऑटोस्प्लिटला आकडा दिला नाही तर तो फ्रेममधली ‘इथे नवं रेकॉर्डिंग सुरू’ ही खूण आणि टाइमकोडमधली उडी बघतो. आकडा दिला तर शूटिंगच्या तारीख-वेळेत तेवढ्या सेकंदांपेक्षा मोठी उडी पडली तरच कापतो. या आकड्यावर थोडा विचार करा. लग्नात शूटिंगवाला सतत बटण दाबत-सोडत असतो. १ सेकंद दिलात तर आहेराच्या वेळचा प्रत्येक नातेवाईक वेगळ्या फाइलमध्ये जाईल. लग्नासाठी मी ३०० सेकंद देतो. पाच मिनिटांहून मोठी खंड पडली म्हणजे बहुधा एक विधी संपून दुसरा लागलेला असतो. घरगुती टेपला, जिथे बारशापासून सहलीपर्यंत सगळं एकाच कॅसेटवर असतं, तिथे ३६०० सुद्धा चालतो. घड्याळाची बॅटरी मेलेल्या कॅमेऱ्याच्या टेपवर तारखेच्या जागी नुसत्या आडव्या रेघा येतात. तिथे आकडा न देता चालवा, रेकॉर्डिंगच्या खुणेवर तुकडे पडतील.

कधी कधी आपल्याला हवा असलेला तुकडा या उड्यांमध्ये बसत नाही. सलग शूटिंगच्या मधूनच साडेतीन मिनिटं काढायची असतात. तेव्हा डीव्हीचा एक गुण कामी येतो, आणि मला तो फार आवडतो. आपल्याकडच्या पॅल या व्हिडिओ पद्धतीत प्रत्येक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची असते. काळ्या पडद्याची असो की फटाक्यांची, एक बाइट कमी नाही, एक जास्त नाही. शिवाय कुठलीच फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून नसते. म्हणजे कच्ची फाइल सरळ बाइट मोजून कापता येते. लिनक्स आणि मॅकवर त्यासाठी डीडी ही कमांड आधीपासूनच असते.

समजा १२ व्या मिनिटापासून ३ मिनिटं २० सेकंद हवेत. १२ मिनिटं म्हणजे ७२० सेकंद, गुणिले २५, म्हणजे १८,००० फ्रेम सोडायच्या. ३ मिनिटं २० सेकंद म्हणजे २०० सेकंद, म्हणजे ५,००० फ्रेम घ्यायच्या. डीडीला ब्लॉकचा आकार १४४०००, ‘स्किप’ १८००० आणि ‘काउंट’ ५००० सांगायचं. बाहेर येणारी फाइल नेमकी ७२ कोटी बाइटची असली पाहिजे. ही रीत फक्त कच्च्या डीव्हीला लागू आहे. एव्हीआय फाइलला वेगळं डोकं-शेपूट असतं, ती अशी कापली तर उघडणार नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली टेप असेल तर गणित बदलतं. ती एनटीएससी पद्धतीची असते, फ्रेम १,२०,००० बाइटची आणि सेकंदाला २९.९७. तिथून सुट्टीवर आलेल्या माणसाने कॅमेऱ्याचं घड्याळ बदललेलं नसतं हेही ध्यानात ठेवा. न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे इथली सकाळची पूजा आदल्या रात्रीची दिसते.

एफएफएमपेग हा व्हिडिओ कापण्या-बदलण्याचा मोफत प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. ‘कॉपी’ हा पर्याय दिला की काहीच बदलत नाही असा सगळ्यांचा समज असतो. चित्राबद्दल तो खरा आहे. पण बाहेर काढताना फाइलच्या नावाला डीव्ही हे शेपूट लावलंत तर एफएफएमपेग स्वतःचा डीव्ही लिहिणारा भाग वापरतो, आणि तो भाग प्रत्येक फ्रेममधल्या तारीख-वेळेवर स्वतःची तारीख-वेळ आणि टाइमकोड लिहितो. चित्र जसंच्या तसं, वेळ मात्र गेली. उपाय सोपा आहे. फक्त व्हिडिओचा प्रवाह मॅप करा (म्हणजे निवडा), कॉपी सांगा, आणि फॉरमॅट ‘रॉव्हिडिओ’ द्या. डीव्हीच्या व्हिडिओ प्रवाहात अख्खी फ्रेम, आवाजासकट, असते, त्यामुळे आवाजही सुटत नाही. एमओव्ही किंवा एमकेव्हीच्या वेष्टनात कॉपी करून ठेवलं तरी फ्रेमच्या आतली नोंद शाबूत राहते. जास्त टेपा असतील तर मीडियाएरिया आणि मिपॉप्स या संस्थांनी मिळून केलेलं डीव्हीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर बघा, त्याच्यासोबतचा डीव्हीपॅकेजर हेच काम पद्धतशीर करतो.

तपासल्याशिवाय टेप गिऱ्हाइकाला परत देऊ नका. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तुकडा उघडला की रेकॉर्डिंगची तारीख दिसते. ती टेपच्या डेटा कोडशी जुळली पाहिजे. फाइलचा आकार १,४४,००० ने भागला तर बाकी शून्य उरली पाहिजे. डीडीने पूर्ण टेपचे तुकडे केले असतील तर ते क्रमाने पुन्हा जोडा आणि मूळ फाइलशी एमडी५ (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा) ताडून बघा, एकच आकडा यायला हवा. फाइलच्या प्रॉपर्टीमध्ये जी तारीख दिसते ती टेप उतरवल्याच्या दिवसाची असते, तिच्यावर जाऊ नका.

मुळात कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं असेल तर? मंगल कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ एखाद्या फ्रेममध्ये सापडतंच. एका लग्नाच्या टेपमध्ये अक्षता पडताना नोंद १२:५१ ची होती आणि पत्रिकेत मुहूर्त १२:३४ चा. मुहूर्त टळला असं घरचे धरून चालले होते. वऱ्हाडाच्या पंगतीच्या मागे भिंतीवरचं घड्याळ दिसलं, त्यात १ वाजून २० मिनिटं, आणि त्याच फ्रेमची नोंद १:३७. म्हणजे त्या घड्याळावर विश्वास ठेवायचा तर कॅमेरा १७ मिनिटं पुढे होता आणि अक्षता वेळेवर पडल्या होत्या. असा फरक सापडला तर फ्रेममधली नोंद बदलू नका. फोल्डरमध्ये साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि तिच्यात लिहा: घड्याळ १७ मिनिटं पुढे, पुरावा अमुक फाइल, अमुक सेकंद. २००५ च्या महापुराच्या टेपा आमच्याकडे अजून घराघरांत आहेत. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता शिरलं हे त्या फ्रेममध्ये लिहिलेलं आहे, आणि अशी एक टिपण त्या वेळेला कितीतरी वजन देते.

व्हॉट्सअॅपवर पाठवायला एमपी४ लागणारच. तो तुकड्यावरून वेगळा बनवा, डीइंटरलेस करून (म्हणजे एकाआड एक ओळींत भरलेलं चित्र सलग करून), आणि हवं तर त्या प्रतीवर तारीख छापा. मूळ तुकडा तसाच राहू द्या.

टेप एचडीव्हीची, म्हणजे तशाच कॅसेटवर एचडी दर्ज्यात भरलेली, असेल तर वरचं बाइटचं गणित चालणार नाही. तिथे चित्र एमपेग-२ मध्ये असतं आणि फ्रेम गटागटाने बांधलेल्या असतात, १०८०आयमध्ये एका गटात साधारण १२. काप गटाच्या सुरुवातीलाच घ्यायचा, म्हणजे जवळपास अर्ध्या सेकंदाचं मागे-पुढे सोसायचं. डीव्हीग्रॅब एचडीव्हीही उतरवतो.