बाससाठी स्पिनिंग रील घेताय? दुकानात आधी हे बघा

इकडे अमेरिकेत बास (गोड्या पाण्यातला मासा) गळाने पकडायचा नाद लागला की पहिला प्रश्न रील, म्हणजे दांडीवरची लाइन गुंडाळायची चकरी, कुठली घेऊ हाच असतो, तर सरळ 2500 किंवा 3000 साइझची घ्या, लार्जमाउथ असो नाहीतर स्मॉलमाउथ, बासच्या या दोन्ही जातींना पुरते. फ्लुगर कंपनीच्या रीलवर 30 लिहिलेलं दिसेल, ते साधारण तेवढंच समजा. गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात लाइन गुंडाळणारा भाग किती वेळा फिरतो ते) 6:1 च्या आसपास बास झाला (हो, बासला बास!).

बॉल बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका, 10 भिकार बेअरिंगपेक्षा 5 चांगली केव्हाही परवडली.

खरी परीक्षा ड्रॅगची, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन थोडी थोडी सोडणाऱ्या ब्रेकची. त्याचा नॉब जरा सैल करून स्पूलवरून (लाइन गुंडाळलेल्या रिळावरून) लाइन हळूच ओढा, ती एकसारखी सुटायला हवी, आधी अडकून मग झटक्यात सुटली तर रील ठेवा परत, कारण मासा बोटीजवळ येऊन शेवटची डुबकी मारतो ना तेव्हा असल्या ड्रॅगवर बारीक लाइन तुटतेच. मग बेल (स्पूलसमोरची तारेची कमान) हातानेच बंद करून बघा, लाइन रोलर (लाइन जिच्यावरून वळते ती छोटी चाकी) बोटाने फिरतोय का, हँडल लटपटतंय का तेही बघा.

लाइन 10 पाउंड ताकदीची ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे 8 पाउंड फ्लोरोकार्बनचा (पाण्यात सहज न दिसणाऱ्या लाइनचा) लीडर, म्हणजे गळाजवळचा तुकडा, पण ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळू नका, घसरते, खाली आधी थोडी मोनो (साधी एकपदरी नायलॉन लाइन) घ्या. आणि स्पूल काठोकाठ भरू नका हं, दोनेक मिलिमीटर जागा ठेवा, नाहीतर कास्ट करताच (गळ लांब फेकताच) गुंता.

दाट शेवाळात फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं नकली आमिष) टाकायचा असेल तर मात्र स्पिनिंग रील नको, बेटकास्टर ही दुसऱ्या प्रकारची रीलच घ्या.