उष्णतेचा ताण आणि यीस्टचं म्हातारपण: एमएस्सी प्रकल्पाला बसणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये यीस्ट म्हटलं की वायनरी आठवते आणि प्रकल्पासाठी द्राक्षाच्या सालीवरूनच यीस्ट काढायचा मोह होतो. तो टाळा. न फुटलेल्या मण्यावर सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई (पाव-वाइनचं नेहमीचं यीस्ट) क्वचितच सापडतं, बहुतेक हॅन्सेनियास्पोरासारखी दुसरीच मंडळी निघतात. बीवाय४७४१ सारखा प्रयोगशाळेतला स्ट्रेन (वाण) घ्या. तो ज्या घराण्यातला, त्याचा जीनोम १९९६ मध्येच पूर्ण वाचून झालाय, जनुकं सुमारे ६०००.

यीस्ट वाढवायचं नेहमीचं माध्यम म्हणजे वायपीडी. एक लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, पाणी ९५० मिलीपर्यंत. ४० टक्के ग्लुकोज वेगळं निर्जंतुक करून नंतर ५० मिली घाला. सगळं एकत्र ऑटोक्लेव्ह केलं (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलं) की माध्यम तपकिरी होतं.

ताणाचा पहिला प्रयोग उष्णतेचाच करावा. रात्रभर वाढवलेलं कल्चर ओडी (गढूळपणाचं माप, त्यावरून पेशी किती ते कळतं) ०.१ पर्यंत पातळ करा, ३० अंशांवर ०.५ पर्यंत येऊ द्या (चारेक तास). दोन भाग करा: एक ३० वरच, दुसरा ३७ अंशांवर ४५ मिनिटं. मग दोन्हींतले १००-१०० मायक्रोलिटर पीसीआर ट्यूबमध्ये घेऊन ५० अंशांवर १० मिनिटं, लगेच बर्फात. दहापट-दहापट पातळ करत प्लेटवर ५ मायक्रोलिटरचे ठिपके द्या. दोन दिवसांनी ३७ वाल्या ओळीत ठिपके बरेच पुढपर्यंत दिसायला हवेत. हे एचएसपी१०४ चं काम. सौम्य उष्णतेत पेशी हे प्रथिन वाढवून ठेवतात. गोळा झालेली प्रथिनं ते सोडवतं.

दोन्ही ओळी सारख्याच आल्या तर? एक, रात्रभराचं कल्चर पातळ न करता तसंच वापरलं. उपाशी पेशी आधीच चिवट झालेल्या असतात. दोन, काचेच्या नळीत ५ मिली घेतलं. ते ५० अंशांवर पोचेपर्यंतच मिनिटं जातात आणि तेवढ्यात पेशी सावध होतात. तिसरं कारण खास आपल्याकडचं. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत टेबलावरच ३५-३६ अंश असतात. तिथे ठेवलेला कंट्रोल (तुलनेसाठीचा ३० अंशांचा भाग) हा कंट्रोल उरतच नाही. रॅकला थर्मामीटर लावा, आकडा वहीत लिहा.

म्हातारपण दोन तऱ्हांनी मोजतात. आईपेशीला किती पिल्लं झाली हे सूक्ष्मदर्शकाखाली सुईने वेगळी करत मोजणं सहा महिन्यांच्या प्रकल्पात झेपत नाही. न विभागता पेशी किती दिवस जगतात, हे मोजा: एससी माध्यम (ठरलेल्या घटकांचं, अमिनो आम्लं मोजून घातलेलं), २ टक्के ग्लुकोज, फ्लास्कच्या पाचव्या हिश्शाइतकंच कल्चर, ३० अंश, २०० आरपीएम. तिसरा दिवस १०० टक्के धरून दर दोन दिवसांनी प्लेटिंग, म्हणजे प्लेटवर पसरून किती वसाहती येतात ते मोजणं. बीवाय४७४१ ला हिस्टिडीन, ल्युसीन, मेथिओनीन, युरॅसिल बाहेरून लागतं. ल्युसीन कमी पडलं तर आयुष्य घटतं आणि दोष भलत्याच जनुकावर जातो. माध्यमात साठणारं ॲसिटिक आम्लही पेशी मारतं, म्हणून पीएच तपासत राहा. उन्हाळ्यात फ्लास्क आटतात, तेव्हा काढलेल्या नमुन्याचा हिशेब धरून वजन करा आणि तूट निर्जंतुक पाण्याने भरा.

घसरणारा आलेख मध्येच वर चढला तर खूश होऊ नका. मेलेल्यांच्या उष्ट्यावर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागल्यात, नाहीतर बाहेरचं काही शिरलंय. त्यापुढचे आकडे सोडून द्या.