झाडीपट्टीच्या नाटकाला चाळीस सेकंदांचं सॅम्पलर

ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) एवढ्यावर आमचं झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं नाटक रात्रभर निघतं. अडतं ते गाईच्या घंटीवर, धानाच्या बांधीतल्या बेडकांवर. ऑक्टोपॅडमधले आयते आवाज वडसा-ब्रह्मपुरीचा प्रेक्षक लगेच ओळखतो. असे आवाज स्वतःच टिपायला मी टीनेज इंजिनिअरिंग कंपनीचं पीओ-३३ वापरतो. २०१८ मध्ये आलेलं हे सॅम्पलर, म्हणजे आवाज टिपून कळांवर वाजवणारं यंत्र, कॅल्क्युलेटरएवढं आहे. दोन ट्रिपल-ए सेलवर चालतं, म्हणजे लाइन गेली तरी फिकीर नाही.

रेकॉर्डचं बटन दाबून धरा आणि १ ते १६ पैकी एक कळ दाबा. कळ दाबलेली असेतो आवाज आत जातो. पहिल्या आठ जागा सुरांच्या: तिथं घंटी भरली की तीच घंटी वेगवेगळ्या सुरांत वाजते. नऊपासून पुढच्या तालाच्या: एका रेकॉर्डिंगचे तुकडे पाडून यंत्र ते कळांवर वाटून देतं. खंजिरी इथंच भरायची, आणि ठोक्यांत मोकळी जागा सोडून वाजवायची. माइक अंगचाच आहे, पण वाऱ्यात नुसती फरफर येते; बेडकं टिपायची तर बांधाच्या आडोशाला बसा.

मेमरी ४० सेकंदांची, तीही सोळा जागांत मिळून. बेडकांना दोन सेकंद पुष्कळ झाले. आवाज जरा खरखरीत येतो. डफड्याला तो शोभतो, गायिकेच्या आलापाची मात्र माती होते. मेमरी कार्ड नाही, यूएसबी नाही. म्हणून मूळ आवाज फोनमध्ये ठेवा आणि नाटक बदललं की ऑक्स केबलनं पुन्हा भरा. सर्किट उघडंच असतं. मंडईची (म्हणजे गावच्या जत्रेची) धूळ आणि पहाटेचं दहिवर बघता सिलिकॉनचं कव्हर घ्याच. अंगचा स्पीकर तालमीपुरता, प्रयोगाला तार थेट मिक्सरला.

कॉर्गचं व्होल्का सॅम्पल घेणार असाल तर थांबा. नावात सॅम्पल असलं तरी त्यात थेट रेकॉर्डिंग होत नाही, आवाज बाहेरून चढवावे लागतात. टीनेज इंजिनिअरिंगचंच २०२३ चं ईपी-१३३ सॅम्पलर खरंच सरस: ६४ एमबी मेमरी, यूएसबी-सी. पण ते बरंच महाग, आणि दोन घंट्या नि एका कडकडाटासाठी कोणता निर्माता एवढे पैसे सोडेल?

प्रयोगाला नवे सेल टाका. जुने टीव्हीच्या रिमोटला चालतात.