पावसाळ्यानंतर सोसायटीचे आवार प्रेशर वॉशरने धुताना

गणपती गेले आणि दिवाळी जवळ येऊ लागली की मुंबईतल्या अनेक सोसायट्यांत आवाराच्या धुलाईचा विषय निघतो. चार महिन्यांच्या पावसात पेव्हर ब्लॉकवर, बाहेरच्या पायऱ्यांवर आणि कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळाचा थर चढलेला असतो, आणि त्यावरून वयस्कर माणसांचा पाय घसरण्याची भीती खरीच असते. हे काम आता खराट्याऐवजी प्रेशर वॉशरने केले जाते. साध्या नळाच्या पाण्याला दोन-तीन बार दाब असला तरी पुष्कळ म्हणायचा. घरगुती प्रेशर वॉशर तो 100 ते 130 बारपर्यंत नेतो. ज्या जोराने शेवाळ निघते त्याच जोराने सिमेंट, रंग आणि माणसाची कातडीही निघू शकते. म्हणून काम भागेल एवढाच दाब वापरावा, आणि दाब वाढवण्याआधी भिजवण्याला वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात विजेपासून करावी, कारण ओल्या जमिनीवर उभे राहून विजेचे यंत्र चालवणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. 1500 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज घेते, त्यामुळे पॅसेजमधल्या छोट्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर ते लावू नये. अर्थिंग असलेले 16 अँपिअरचे सॉकेट शोधावे आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत अर्थिंग नावापुरतेच असू शकते; तशा ठिकाणी ते दुरुस्त होईपर्यंत यंत्र लावूच नये. एक्स्टेंशन वापरणे भागच असेल, तर तीन तारांची जाड केबल घ्यावी, तिचे वेटोळे पूर्ण सोडून ठेवावे, कारण गुंडाळलेली केबल तापते, आणि प्लगचा जोड जमिनीवर न ठेवता कोरड्या जागी उंचावर टांगावा. पेट्रोलवर चालणारे यंत्र भाड्याने आणले असेल, तर ते बेसमेंटमध्ये किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये कधीही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याची बाजूही आधी पाहून घ्यावी. टाकीतल्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. त्यामुळे सात मजली इमारतीच्या तळाशी असलेल्या नळाला पुरेसा जोर असतो, पण गच्चीवरच्या नळाला जवळजवळ नसतोच, आणि पुरेसे पाणी न मिळालेला पंप कोरडा चालून लवकर बिघडतो. गच्चीवर काम असेल, तर पिंपातून पाणी ओढू शकणारे यंत्र घ्यावे आणि ओढणीच्या नळीला गाळणी लावावी. मिनिटाला सहा लिटर धरले तरी अर्ध्या तासात 180 लिटर पाणी जाते. सोसायटीत बोअरवेल असेल, तर या कामासाठी तेच पाणी गाळून वापरणे योग्य.

कपड्यांबाबत टाळाटाळ नको. गमबूट, पूर्ण लांबीची पँट, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. स्लीपर घालून हे काम करू नये. आवारातल्या घाणीत उंदरांचे मूत्र असू शकते, आणि त्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप मुंबईला नवा नाही. म्हणून पायावर जखम असेल तर ती झाकावी किंवा काम दुसऱ्याकडे द्यावे. कबुतरांची वाळलेली विष्ठा काढताना ती आधी हलक्या पाण्याने भिजवावी आणि मास्क लावावा, कारण तिची धूळ फुप्फुसांना अपाय करते.

नळी जोडून नळ उघडल्यावर, बटण दाबण्याआधी ट्रिगर दाबून धरावा. आधी फुर्रफुर्र करत हवा निघते, मग सलग धार येते. तेव्हाच यंत्र सुरू करावे. नोझलच्या रंगांचा रूढ क्रम असा: लाल म्हणजे शून्य अंशाची सुईसारखी धार, पिवळा 15, हिरवा 25, पांढरा 40 अंश आणि काळा साबणाच्या पाण्यासाठी. लाल नोझल घरकामातून वगळलेलेच बरे. पांढऱ्याने सुरुवात करावी, भाला, म्हणजे नोझल लावलेली लांब दांडी, दोन्ही हातांनी धरावा, आणि दोन फुटांवरून हळूहळू एक फुटापर्यंत जवळ यावे. आधी कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर करून पाहावे. शेवाळ सुटले पण खालचा पृष्ठभाग खरखरीत झाला नाही, तर तेच अंतर पुढे ठेवावे. चिवट थरावर साबणाचे पाणी दहा मिनिटे ठेवावे, मात्र ते वाळू देऊ नये.

पेव्हर ब्लॉकवर धार तिरकी आणि सांध्यांना आडवी चालवावी. धार सरळ सांध्यात गेली की आतली वाळू उसळून बाहेर येते आणि काही दिवसांत ब्लॉक डगमगू लागतात. गच्चीवरच्या चायना मोझाइकबाबत, म्हणजे टाइलच्या तुकड्यांच्या फरशीबाबत, अधिक जपावे, कारण तुकड्यांमधले सिमेंट उडाले की पुढच्या पावसात वरच्या मजल्याच्या छताला गळती लागते. तिथे ब्रशच चांगला. भिंत धुण्याआधी प्लॅस्टरवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावे. बद्द आवाज आला, तर ते प्लॅस्टर सुटलेले आहे, आणि तिथे धार मारल्यास पोपडा खालच्या माणसाच्या डोक्यावर येऊ शकतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यांवर प्रेशर वॉशर अजिबात वापरू नये. मीटरची पेटी, एसीच्या आउटडोअर युनिटच्या पातळ पट्ट्या, स्कूटरचे वायरिंग आणि बेअरिंग यांपासूनही धार दूर ठेवावी. टायरवर ती एक फुटाच्या आत आणू नये. शिडीवर चढून ट्रिगर दाबू नये, कारण उलटा धक्का बसून तोल जातो.

धार कोणाच्याही अंगाकडे, गमतीतही, वळवू नये आणि मुलांना आसपास येऊ देऊ नये. कातडीतून आत गेलेल्या धारेची जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत पाणी आणि घाण खोलवर पसरलेली असते. अशा वेळी मलमपट्टी करून थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे आणि जखम प्रेशर वॉशरची आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

काम संपल्यावर आधी यंत्र बंद करावे, मग नळ, आणि त्यानंतर नळीत कोंडलेला दाब निघून जाईपर्यंत ट्रिगर दाबून धरावा. तोवर एकही जोड सोडू नये. सुटलेला गाळ झाडून कचऱ्यात भरावा, गटारात लोटू नये. गाळणी धुऊन यंत्र सावलीत कोरड्या जागी ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी आवार वाळले की पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडूने भरून घ्यावी.